कहाणी एक, प्रश्न पाच
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'तू सॉफ्टवेअरवाली, तू एआयवर बोल,' असं संयोजकांनी मला सुचवलं होतं. त्या विषयावर बोलू शकणारे आपल्या तुकडीतले निदान सात-आठ जण इथे बसलेत आणि त्यातले बरेचसे माझ्यापेक्षा जास्त पगार घेतात. म्हणून ज्या कामाचा मला एक रुपयाही मिळत नाही, त्याबद्दल बोलायचं मी ठरवलं.

गेली तीन वर्षं दर रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या वरच्या खोलीत मी नववी-दहावीच्या मुलांबरोबर मराठी वाचते. बारा-तेरा मुलं असतात. काही सोसायटीतली, काही गावठाणातली, काही पानशेत रस्त्याच्या वरच्या वाड्यांमधून इथे शिकायला राहिलेली. आम्ही एखादी गोष्ट किंवा कविता घेतो आणि तिची समीक्षा करतो. 'समीक्षा' म्हटल्याबरोबर मागच्या रांगेतले काही चेहरे पडलेले मला इथून दिसले. घाबरू नका, जेवणाच्या सुट्टीआधी संपवते.

सुरुवात झाली ती माझ्या मुलीच्या वहीवरून. २०१८ मध्ये दहावीचं पुस्तक बदललं, तेव्हापासून कुमारभारतीत कवितेचं रसग्रहण लिहायला असतं. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तीन मुद्दे दिलेले आहेत. मुद्दे उत्तम आहेत. पण मुलीच्या आणि तिच्या तीन मैत्रिणींच्या वह्या मी शेजारी शेजारी ठेवल्या, तर चार वेगवेगळ्या कवितांखाली एकच वाक्य: कवीने साध्या, सोप्या भाषेत मोठा आशय मांडला आहे. वाक्य गाईडमधलं होतं. आमच्या धंद्यात याला हार्डकोड करणं म्हणतात. आत काहीही घाला, बाहेर तेच येतं. मुलींना विचारलं, 'तुम्हाला या कवितेत काय वाटलं?' तर त्या म्हणाल्या, 'छान वाटली.' पुढे काही नाही. त्यांना वाटत काही नव्हतं असं मुळीच नाही. कवितेला काय विचारायचं, हे कुणी त्यांना दिलेलं नव्हतं.

प्रश्न देणं म्हणजे काय, हे खडकवासल्याच्या माणसाला समजावणं सोपं आहे. आपल्यापैकी निम्म्यांचे वडील एनडीएत नाही तर जल व विद्युत संशोधन केंद्रात कामाला होते. १९१६ साली सुरू झालेलं हे केंद्र आपण सहलीत पाहिलंय. मोठमोठ्या शेडमध्ये धरणांच्या, नद्यांच्या, बंदरांच्या प्रतिकृती आणि त्यांतून सोडलेलं पाणी. सांडव्यावरून पाणी कसं पडेल हे बघायचं असेल तर एक प्रतिकृती, बंदरात गाळ कुठे साचेल हे बघायचं असेल तर दुसरी. ज्या प्रश्नासाठी प्रतिकृती बांधली, तो प्रश्न ती नीट दाखवते. बाकीचं मुद्दाम सोडून देते. साहित्याकडे बघण्याचे दृष्टिकोन मी मुलांना असेच सांगते. रूपवादी, समाजवादी, स्त्रीवादी ही नावं नंतर येतात. आधी प्रश्न येतो, आणि त्या प्रश्नातून काय दिसतं आणि काय सुटतं, हे येतं.

हे सगळं परदेशातून आलेलं फॅड आहे, असं एका पालकांनी मला ऐकवलं. १९२९ साली केंब्रिजच्या आय. ए. रिचर्ड्स यांनी कवीचं नाव न सांगता विद्यार्थ्यांना कविता वाचायला दिल्याचा प्रयोग प्रसिद्ध केला, तो मी वापरते, हे खरं. पण आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी'त, १८७३ साली, वामनावताराची गोष्ट बळीराजाच्या बाजूने वाचून दाखवली. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून पुराणातल्या आणि आपल्या काळच्या पुस्तकांतल्या बायका कुणाच्या नजरेतून रंगवल्यात, ते विचारलं. फडके आणि खांडेकर यांच्या नावाने 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा वाद तर आपल्या आईवडिलांनी कॉलेजात ऐकलेला. आणि माझं सगळ्यात आवडतं उदाहरण: १९६२ साली दुर्गा भागवतांचं 'व्यासपर्व' आलं, १९६७ साली इरावती कर्व्यांचं 'युगान्त'. दोघींपुढे महाभारत एकच. दुर्गाबाई त्यातल्या माणसांकडे व्यासांच्या कलाकृतीतली माणसं म्हणून बघतात. इरावतीबाई डेक्कन कॉलेजात मानवशास्त्राच्या प्राध्यापक. त्या नाती, कुळं, जमीन बघतात. इंद्रप्रस्थ वसवण्यासाठी खांडववन जाळलं, तेव्हा तिथे राहणाऱ्यांचं काय झालं, असं त्या विचारतात. याच इरावतीबाईंनी जाई निंबकरांबरोबर कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी केली. ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. पुस्तक वाचताना विचारलेला प्रश्न आणि धरणग्रस्ताच्या दारात विचारलेला प्रश्न यांत फार अंतर नसतं, ही गोष्ट मला त्यांच्यामुळे कळली. ती इथे, या गावात, पुढे उपयोगी पडली.

आता प्रत्यक्ष काय करतो ते सांगते. गेल्या श्रावणात आम्ही शीतळा सप्तमीची कहाणी घेतली. आपल्या आया चातुर्मासाच्या पुस्तकातून वाचायच्या तीच. ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एका राजाने नवं गाव वसवलं, त्याच्याजवळ तळं बांधलं. तळ्याला पाणी लागेना. जळदेवता म्हणाल्या, सुनेचा थोरला मुलगा बळी दे. राजाने विचार केला की एका नातवापेक्षा पुष्कळ लोकांचे प्राण मोठे. पण सून कबूल होणार नाही, म्हणून तिला माहेरी पाठवलं आणि मुलाला ठेवून घेतलं. त्याला न्हाऊमाखू घातलं, जेवू घातलं, दागिने घातले, पलंगावर निजवलं आणि तळ्यात नेऊन ठेवलं. तळं भरलं. पुढे सून भावाबरोबर माहेराहून परत निघाली, तळ्याशी आली, तो श्रावणातली सप्तमी. तिला आपल्या वशाची आठवण झाली. तिने तळ्याच्या काठी पूजा केली, दहीभाताचं वाण दिलं आणि आपल्या वंशात जे कुणी पाण्यात बुडाले असतील ते परत मिळोत, असं मागणं मागितलं. तेव्हा पाण्यातून तिचे पाय कुणी ओढू लागलं. बघते तर तिचाच मुलगा. त्याला कडेवर घेऊन ती घरी आली. हे कसं झालं असं राजाने विचारलं, तिने सांगितलं, राजाला आनंद झाला आणि त्याची सुनेवर जास्तच माया बसली.

ही गोष्ट आम्ही पाच रविवार वाचली. दर रविवारी एक प्रश्न.

पहिला प्रश्न: कागदावर काय आहे? गावाचं, काळाचं, स्वतःचं काहीही आणायचं नाही. फक्त मजकूर. कोण बोलतं, किती बोलतं, कुठे सावकाश, कुठे घाईने. मुलांनी पेन्सिलीने खुणा केल्या. एकाच्या लक्षात आलं की मुलाला नटवण्याचं वर्णन अगदी सावकाश आहे, एकेक कृती सांगितली आहे. आणि बुडवणं मात्र अर्ध्या वाक्यात उरकलंय. 'जिथे वाईट घडतं तिथे कहाणी मान फिरवते,' असं त्याने वहीत लिहिलं. गाईडमध्ये हे वाक्य सापडणार नाही.

दुसरा प्रश्न: पाणी कुणाला आणि किंमत कुणाची? या प्रश्नासाठी मी काही तयारी केली होती. ती काही कामाला आली नाही. पानशेतच्या बाजूचा एक मुलगा आहे, फारसा बोलत नाही. तो म्हणाला, 'राजाने निदान स्वतःचा नातू तरी दिला. आमच्या आज्याची जमीन धरणात गेली. ज्यांना पाणी मिळालं, त्यांच्यातल्या कुणी स्वतःचं काय दिलं?' खोलीत एकदम शांतता. आम्ही सगळे तेच पाणी पितो. मग सोसायटीतली एक मुलगी हळूच म्हणाली, 'पण पाणी नसतं आलं तर गाव मेलं असतं. राजाचा हिशेब चूक कसा म्हणायचा?' दोघांचंही म्हणणं खरं होतं आणि दोघेही माझ्याकडे बघत होते. मी निकाल दिला नाही. म्हटलं, कहाणीकडे परत जा. कहाणी कुणाच्या बाजूने आहे ते तिच्यातच दाखवा. दहा मिनिटांनी त्या मुलीलाच सापडलं. कहाणी पाणीही आणते आणि मुलगाही परत आणते. म्हणजे एक विरुद्ध पुष्कळ हा राजाचा हिशेब खुद्द कहाणीलाच पचलेला नाही. तो पचला असता तर तळं भरलं तिथेच ती संपली असती.

त्या मुलाने पुढच्या रविवारी अर्धं पान लिहून आणलं. त्याच्या परवानगीने त्यातलं एक सांगते. कहाणीत गेलेलं परत येतं, असं त्याने लिहिलं होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनं देऊळ दिसतं, तेवढंच परत येतं. मुलगा पंधरा वर्षांचा आहे. मराठीत त्याला तोपर्यंत काठावर मार्क मिळत होते.

तिसरा प्रश्न: सुनेला विचारलं का? इथे मुली तुटून पडल्या. 'तिला नावसुद्धा नाही!' एकीने सुरुवात केली. तिला लगेच एका मुलाने अडवलं, 'राजाला तरी कुठे आहे? नाव कुणालाच नाही.' बरोबर होतं. कहाण्यांत नावं बहुधा नसतातच. माझा नियम असा की मुद्दा मजकुरावर टिकला नाही तर कितीही आवडता असला तरी सोडायचा. तिने तो सोडला आणि दुसरा शोधला, तो जास्त पक्का निघाला. राजा सुनेला माहेरी पाठवतो, म्हणजे तिची संमती लागते हे त्याला ठाऊक आहे. ती लागू नये म्हणूनच ही युक्ती. आणि शेवटी राजा तिला विचारतो, मुलगा कसा परत आला. ती राजाला काहीच विचारत नाही. तो तळ्यात गेलाच कसा, हा प्रश्न कहाणीत कुणाच्याच तोंडी नाही. 'ज्याने फसवलं त्याची माया वाढली म्हणून आपण आनंद मानायचा का?' असं ती म्हणाली. मला माझ्या ऑफिसातल्या काही मीटिंगा आठवल्या. ते असो.

चौथा प्रश्न: ही गोष्ट आणखी कुठे सांगतात? कन्नडमध्ये 'केरेगे हार' नावाचं लोकगीत आहे. तिथेही तळ्याला पाणी लागत नाही आणि भागीरथी नावाच्या धाकट्या सुनेचाच बळी जातो. रोमानियात मठाची भिंत उभी राहावी म्हणून गवंडी आपल्या बायकोलाच भिंतीत चिणतो, अशी कथा आहे. माणसाने पाणी अडवलं, दगडावर दगड चढवला, की आपण निसर्गाकडून काही घेतलंय आणि त्याची फेड करावी लागणार, ही भीती सगळीकडे दिसते. शेजारी ठेवल्यावर आपल्या कहाणीचं वेगळेपणही कळतं: इतरांकडे गेलेली बाई परत येत नाही. आपल्याकडे मूल परत येतं, आणि ते आणते आई. राजा नाही, देव आपणहून नाही. हे लक्षात आल्यावर आदल्या रविवारी चिडलेली मुलगी जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, 'म्हणजे तिला बोलायला दिलं नाही, पण काम तिनेच केलं.'

पाचवा प्रश्न: ऐकणारं कोण आहे? त्या दिवशी गावठाणातल्या एका मुलीची आजी आली होती. सत्तरी ओलांडलेली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्या लोंढ्याने आपलं खडकवासल्याचं धरणही फुटलं, पुण्यात हाहाकार झाला. तेव्हा ती लहान होती. मला वाटलं, ती त्याबद्दल बोलेल. तिने मुलांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'तुम्ही समदे राजाचंच बोलताय. आम्ही ही कहाणी ऐकायचो ती त्या शेवटच्या मागण्यासाठी. माझा भाऊ कालव्यात गेला. आठ वर्षांचा होता. आई मरेपर्यंत दर सप्तमीला काठावर दहीभात ठेवायची.'

कुणी काही बोललं नाही. मीही नाही. चार रविवार आम्ही ज्या कहाणीची नटबोल्टसकट जुळणी उघडून ठेवली होती, ती त्या बाईंच्या आईने जन्मभर एकाच जागी उभं राहून ऐकली होती. तिच्यासाठी ती व्यथा बोलून दाखवण्याची वर्षातली एकच परवानगी होती. मग आमची आधीची चार वाचनं खोटी ठरली का? हा प्रश्न नातीनेच विचारला. यावर आम्ही बराच वेळ घालवला. शेवटी मुलांनीच ठरवलं की आजीचं वाचन खरं आहे म्हणून राजाची युक्ती माफ होत नाही, आणि राजाची युक्ती दिसली म्हणून आजीच्या आईचा दहीभात खुळा ठरत नाही.

तेव्हापासून आमच्या वर्गात तीन नियम आहेत. एक, जे म्हणायचं ते मजकुरात बोट ठेवून दाखवायचं. दोन, आपल्या वाचनाच्या शेवटी 'माझ्या प्रश्नातून काय दिसत नाही' यावर दोन ओळी लिहायच्या. तीन, ज्या दृष्टिकोनाचा राग येतो त्यातून एकदा तरी प्रामाणिकपणे वाचून बघायचं. तिसरा नियम सगळ्यांत अवघड जातो. पंधराव्या वर्षी एखादं भिंग हातात आलं की मुलांना जिकडे तिकडे खलनायक सापडतात. सगळ्या गोष्टींत पिळवणूक किंवा सगळ्या गोष्टींत सौंदर्य. आधीच ठरलेलं उत्तर काढायला दृष्टिकोन वापरला तर तो गाईडचाच नवा छाप झाला. फक्त भाषा जास्त जड.

पालक मला दोन गोष्टी विचारतात. पहिली, याने मार्क वाढतील का? मी वचन देत नाही. रसग्रहणाच्या तीन मुद्द्यांत स्वतःचं काही लिहायला मुलं आता घाबरत नाहीत, एवढं सांगते. दुसरी, 'हे सगळं आता मोबाइल करून देतो, मग कशाला?' मी तेच काम करते, त्यामुळे या प्रश्नाला उत्तर देणं मला भाग आहे. मुलांनी करून पाहिलं. मोबाइलला कहाणी दिली, पाच दृष्टिकोनांतून पाच परिच्छेद मागितले. काही सेकंदांत आले. परिच्छेद नीटनेटके होते, चुका थोड्या होत्या. उन्हाळ्यात दिसणारं देऊळ त्यात नव्हतं. कालवा नव्हता. ते या मुलांकडे होतं, आणि त्यांनी सांगितल्याशिवाय ते कुणाच्याही यंत्रात शिरणार नव्हतं. ते सांगायला लागणारा प्रश्न तेवढा आपण मोठ्यांनी पुरवायचा असतो.

यात पणाला काय लागलंय, ते सांगून थांबते. आपलं गाव धरणाच्या खाली आहे आणि धरणामुळे आहे. १८७० च्या दशकात ते बांधलं गेलं, तेव्हापासून इथल्या प्रत्येक पिढीला पाण्याबद्दल कुणी ना कुणी गोष्ट सांगितली आहे: सरकारने, पुढाऱ्यांनी, आता प्लॉट विकणाऱ्यांनी. 'लेक व्ह्यू' असं लिहिलेली एक चकचकीत जाहिरात आमच्या मुलांनी त्याच पाच प्रश्नांनी वाचली, आणि त्या कागदावर काय नाही याची यादी काढली. या मुलांना पुढे मतदान करायचंय, करारावर सही करायचीय, लग्नाआधी समोरच्याचं बोलणं ऐकायचंय. कोण बोलतंय, कुणाला विचारलं नाही, किंमत कुणी दिली, हे विचारायची सवय कहाणीवर लागली तर स्वस्तात लागली म्हणायची.

म्हणून माझी विनंती. शाळेच्या वाचनालयात महिन्यातून एक तास मुख्याध्यापकांनी आपल्याला द्यायचं मान्य केलंय. त्यासाठी मराठीचं कुणी पंडित नको. आपल्यातले जे वकील आहेत त्यांनी एखादी गोष्ट पुरावा म्हणून वाचावी. डॉक्टरांनी तिच्यातलं दुखणं वाचावं. ज्यांनी शेती राखली आहे त्यांनी जमीन वाचावी. ज्या मैत्रिणी मघाशी 'आम्ही काय, घरीच असतो' म्हणाल्या, त्यांनी तर पहिला तास घ्यावा. शीतळा सप्तमीची कहाणी आपल्यात सर्वांत जास्त वेळा त्यांनीच वाचली आहे. आणि बाई, तुम्ही आम्हाला शिकवताना कवितेनंतर जरा थांबायचात, कुणी काही बोलतंय का ते बघायचात. आम्ही तेव्हा घड्याळाकडे बघत होतो. आता तुमच्या त्या थांबण्याचा उपयोग करून घ्यायचाय. एका तासाला तुम्ही यायचं आहे.

पहिला तास येत्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी तीन वाजता. गोष्ट वामनाची आणि बळीची. दोन्ही बाजूंनी वाचायची आहे, तेव्हा येताना आपलं मत घरी ठेवून या. परत जाताना न्यायला काहीतरी मिळेल.